जुन्या पिकअपच्या हौद्यात नव्या फळ्या बसवताना

हौद्याच्या लाकडी तळाच्या फळ्यांना खिळे नसतात. दोन फळ्यांच्या फटीवर स्टीलची लांब पट्टी बसते, पट्टीतून कॅरेज बोल्ट (गोल डोक्याचा, डोक्याखाली चौकोनी मान असलेला) खाली उतरतो, आणि पट्टी शेजारच्या दोन्ही फळ्यांच्या कडा दाबून धरते. फळी जागेवर राहते, पण हवामानाप्रमाणे रुंदीत फुगायला आणि आकसायला तिला वाव मिळतो. 1947 ते 1955 या काळातल्या शेव्हरोलेच्या अ‍ॅडव्हान्स डिझाइन पिकअपपासून 1967 ते 1972 च्या फ्लीटसाइडपर्यंत (रुंद हौदा, चाकांच्या कमानी आत) आणि त्यानंतरच्या स्टेपसाइडमध्येही (अरुंद हौदा, मडगार्ड बाहेर) तत्त्व हेच. बिघडलेली बहुतेक कामं हा वाव बुजवल्यामुळे बिघडलेली असतात.

मापं इथे इंचात आणि सुतात आहेत. 1 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर.

जुनं काढताना

आधी फोटो काढा, वरून आणि गाडीखाली शिरून खालूनही. फळ्यांना ड्रायव्हरच्या बाजूने 1 पासून खडूने नंबर घाला. सगळ्या फळ्या एका रुंदीच्या नसतात. कडेच्या दोन वेगळ्या असतात आणि फ्लीटसाइडमध्ये चाकांच्या कमानीपाशी फळी कापून बसवलेली असते. कितीही कुजलेली असली, तरी प्रत्येक प्रकारची एक फळी नमुना म्हणून ठेवाच. भोकांच्या जागा कागदावरच्या मापापेक्षा तिच्यावरून जास्त खात्रीने मिळतात.

नट गंजलेले असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना लावल्यावर बोल्टच नटाबरोबर फिरू लागला, तर त्याची चौकोनी मान पट्टीच्या भोकात सैल झाली आहे असं समजा. मग झटापट करू नका, खालून नटच कापा. वरून डोकं उडवायला गेलात तर ग्राइंडर पट्टीवर घसरतो, आणि जुनी पट्टी पुन्हा वापरायची असेल तर ती वाया जाते. ठिणग्या कुठे पडतात ते मात्र आधी बघा. पेट्रोलची नळी चेसिसच्या कडेने जाते, आणि 1973 ते 1987 च्या जीएम (जनरल मोटर्स, शेव्हरोले बनवणारी कंपनी) पिकअपमध्ये तर टाक्याच चेसिसच्या बाहेरच्या अंगाला, हौद्याखाली आहेत. बॅटरी सोडवा, नळीवर ओलं जाड फडकं टाका. टाकी जवळ असेल तर ग्राइंडर बाजूला ठेवून नट फोडायचं हत्यार वापरा.

फळ्या निघाल्या की खालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस सिल, उघड्या पडतात. लाकूड टेकतं त्या वरच्या पृष्ठभागावर गंज सर्वात जास्त असतो. टोकदार हातोडीने ठोकून बघा, पत्रा आत जात असेल तर सिल बदला. चांगल्या सिल घासून, प्रायमर आणि रंग देऊन घ्या, कारण पुन्हा इथे हात पोचणार नाही. मग हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. फरक 1 सुताच्या आत हवा. जास्त असेल तर हौदा चेसिसला धरणारे बोल्ट सैल करून तो आत्ताच गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा. फळ्या सरळ आणि हौदा तिरका असेल, तर शेवटच्या फळीची फट पुढे दोन सूत आणि मागे चार सूत येते, आणि पट्टी ते झाकू शकत नाही.

लाकूड

पाइन हलकं आणि स्वस्त, ओक जड आणि टिकाऊ. ओक घेणार असाल तर व्हाइट ओकच घ्या. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, टोकाकडून पाणी आत ओढतात. व्हाइट ओकच्या नळ्या टायलोसिसने, म्हणजे आत वाढलेल्या फुगीर पेशींनी, बुजलेल्या असतात. शंका असेल तर 3 इंचांचा तुकडा रेषेच्या दिशेने कापा, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंका. रेड ओकमधून बुडबुडे येतात. व्हाइट ओकमध्ये गाल फुगतात, बाकी काही होत नाही.

भट्टीत वाळवलेलं, 8 ते 12 टक्के ओलाव्याचं लाकूड घ्या आणि काम होणार त्या जागेत, फळ्यांमध्ये काड्या ठेवून, दोनेक आठवडे रचून ठेवा. व्हाइट ओकची आडवी चिरलेली 7 इंची फळी 8 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेली की रुंदीत साधारण 2.6 मिलिमीटर फुगते, म्हणजे जवळजवळ 1 सूत. अशा आठ फळ्या मिळून 7 सूत होतात. फळ्या एकमेकींना भिडवून बसवल्या असतील तर हे 7 सूत जाणार कुठे? पट्ट्या वर उचलल्या जातात किंवा हौद्याच्या बाजू बाहेर ढकलल्या जातात. उभी चिरलेली, म्हणजे क्वार्टर-सॉन फळी याच्या निम्मीच हलते. परवडत असेल तर तीच घ्या. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, तिथे पुढे-मागे मिळून 1 सूत मोकळं ठेवलं की पुरे.

जाडी सहसा पाऊण इंच असते, पण जुन्या फळीच्या न झिजलेल्या कोपऱ्यात, पट्टीखाली, मोजून खात्री करा. नवी फळी जाड झाली तर पुढच्या भिंतीच्या दुमडीखाली जात नाही, पातळ झाली तर खडखडते.

कडेची खाच

फळीच्या दोन्ही लांब कडांना वरून खाच असते, तिच्यात पट्टीची बाजू बसते. खाचेचा आकार गाडीनुसार बदलतो. म्हणून पट्टीचा तुकडा हातात घेऊन आधी टाकाऊ लाकडावर राउटरने (खाचा काढायचं यंत्र) एक खाच काढून बघा. पट्टी पूर्ण बसण्याआधी तिच्या दोन्ही कडा लाकडाला टेकायला हव्यात. खाच खोल गेली तर पट्टी बोल्टवर घट्ट होते आणि फळी खाली सैलच राहते. वरून काहीच दिसत नाही, रस्त्यावर मात्र आवाज येतो.

खाच काढण्याआधी फळीची वरची बाजू ठरवा, नंतर ती उलटता येत नाही. टोकावरची वर्तुळं बघून सालीकडची बाजू वर ठेवा. गाभ्याकडची बाजू वर आली तर, विशेषतः पाइनमध्ये, वर्षं गेली की रेषांचे पापुद्रे सुटतात.

5/16 इंची बोल्ट म्हणजे अडीच सूत. दोन फळ्यांच्या खालच्या कडांमध्ये तीन सूत फट ठेवली की बोल्ट लाकडाला न लागता उतरतो. पट्टी ही फट झाकून दोन्ही बाजूंना पुरेशी चढते ना, ते तुकड्यावरच तपासा.

आता सगळ्या फळ्या कोऱ्याच हौद्यात मांडा, पट्ट्या वर ठेवा. मधल्या फळीपासून सुरुवात करून उरलेली कमी-जास्त जागा दोन्ही कडांना सारखी वाटा. कडेच्या अँगलखाली फळी सरकते का, चाकाच्या कमानीपाशी अडते का, सगळं इथेच कळतं. हौदा चेसिसला धरणारे बोल्ट फळीतून जातात. त्यांची भोकं आत्ताच पाडा, बोल्टपेक्षा 1 सूत मोठी. पॉलिशनंतर पाडलेलं भोक म्हणजे पाण्याला उघडलेलं दार.

पॉलिश

120, 180, 220 नंबरच्या पेपरने घासा. वरच्या धारदार कडा हलक्या गोल करा, धारेवर वार्निश टिकत नाही. ओकवर स्टील वूल चुकूनही वापरू नका. त्याचे बारीक कण रेषांत अडकतात, पहिल्या ओलाव्याला ओकमधल्या टॅनिनशी त्यांची गाठ पडते आणि फळीवर काळेनिळे ठिपके उमटतात. डाग पडलेच तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने जातात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर फळी भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

सहाही बाजूंना हात मारायचा. फक्त वरची बाजू चकचकीत करून खालची कोरी ठेवली की फळी एका बाजूनेच ओलावा घेते आणि तिची पन्हळ होते. बाहेर वापरायचं स्पार वार्निश घ्या, घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन उन्हात पापड होऊन सुटतं. पहिला हात निम्मा थिनर घालून, दुसरा पाव थिनरचा, पुढचे चार-पाच जसंच्या तसं. मधे 320 ने हलकं घासा. टोकं आणि भोकांच्या आतल्या भिंती जितकं पितील तितकं पाजा. इपॉक्सीचा थर आधी दिला तर उत्तमच, पण त्यावर उन्हापासून वाचवणारं वार्निश हवंच, नाहीतर इपॉक्सी खडूसारखा पांढरा पडतो. तेलाचं पॉलिश असेल तर भिजलेली फडकी गोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप पेटतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बसवणं

चेसिस आणि सिल यांच्यामधले जुने पॅड बदला. फळ्या क्रमाने ठेवा, पट्ट्या टाका, सगळे बोल्ट सोडा, पण नट हातानेच लावा. सगळे बोल्ट लागेपर्यंत पाना उचलायचा नाही. नंतर मधल्या पट्टीपासून बाहेर आणि प्रत्येक पट्टीवर मधून टोकांकडे जात घट्ट करा. पट्टी लाकडाला टेकली की अर्धा फेरा बस झाला. आणखी पिळलं तर बोल्टपाशी पट्टीला खळगा पडतो, आणि उन्हात तो लांबून दिसतो. जो बोल्ट सिलवर येत नाही, त्याला दोन्ही फळ्यांवर चढेल एवढा मोठा वॉशर खालून लावा.

बोल्ट स्टेनलेसचे घेतले तर लाकूड काळं पडत नाही. त्यांची एक खोड आहे: कोरड्या आट्यांवर लॉकनट नट आवळायच्या गनने वेगात चढवला की मधेच चिकटतो, मग कापण्याशिवाय इलाज नाही. आट्यांना अँटी-सीझ (आट्या चिकटू न देणारं वंगण) लावा आणि पाना हाताने फिरवा.

फाळक्याकडची टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण मागच्या सिलच्या खाचेत पाणी साचतं. तिथला निचऱ्याचा मार्ग वार्निशने किंवा सिलंटने बुजला नाही ना, ते तारेने तपासा. पहिला पावसाळी आणि पहिला कोरडा ऋतू गेल्यावर नट एकेकदा बघा. कोरड्या दिवसांत फळ्या आकसून काही सैल झालेले सापडतील. तेवढेच हाताने टेकवा, आणि मागची टोकं करडी दिसू लागली असतील तर घासून त्यांना आणखी एक हात द्या.