जांभईने उचललेला हात : मेंदूकडून खाली येणारे मार्ग मी कशी शिकले

इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे साठी उलटलेल्या एक आजी पेशंट होत्या. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू. उजव्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या तंतूंच्या दाट पट्ट्यात, रक्तस्राव. पाय थोडा हलायचा, हात मात्र अजिबात नाही. एके सकाळी त्यांची सून धावतच आली. "मॅडम, आत्यांचा हात हलला! जांभई आली अन् हात आपोआप छातीपर्यंत वर गेला." मी कॉटजवळ गेले, आजींना हात उचलायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटून जोर लावला, कपाळावर आठ्या पडल्या, हात जागचा हलला नाही. थोड्या वेळाने जांभई आली आणि तोच हात कोपरात वाकून सावकाश वर आला.

"म्हंजे येतंय त्यांना, मुद्दाम करत नाहीत," सून हळूच म्हणाली. आजींनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला नीट सांगता आलं नाही की आजी खोटं करत नाहीत. पहिल्या वर्षी डिसेंडिंग ट्रॅक्ट्सवर, म्हणजे मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मार्गांवर, मी पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. सहाही ट्रॅक्ट्सची सुरुवात, शेवट, कुठे ओलांडतात, सगळं पाठ होतं. पण एकाच हाताकडे मेंदूकडून एकाहून अधिक वाटांनी निरोप येतो, हे मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं. "हात उचल" हा हुकूम कॉर्टेक्सकडून, मेंदूच्या बाहेरच्या थराकडून, येतो, ती वाट तुटली होती. जांभईची जुळणी त्याखाली ब्रेनस्टेममध्ये, मेंदूच्या देठात, होते, आणि तिथून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या वाटा शाबूत होत्या. सीनियरनी हे मला समजावलं, मी सुनेला समजावलं. म्हणून आता बीपीटीएच (फिजिओथेरपी) किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला बसलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

माझी पहिली सूचना : वरून खाली वाचू नका. सगळी पुस्तकं कॉर्टेक्सपासून सुरू होऊन खाली येतात. तुम्ही मज्जारज्जूच्या अँटिरियर हॉर्नमध्ये (पुढच्या शिंगात) उभे राहा आणि वर बघा. तिथल्या मोटर न्यूरॉन्सची (स्नायूंना हलवणाऱ्या पेशींची) मांडणी ठरलेली असते. आतल्या, मधल्या बाजूला धड, मान, खांदे-कमरेचे स्नायू; बाहेरच्या बाजूला हातापायांच्या टोकांचे, बोटांचे. आता विचारा, यातल्या कोणापाशी कोण येतं? मज्जारज्जूच्या पुढच्या-मधल्या भागातून उतरणारे, ब्रेनस्टेममधून निघालेले व्हेस्टिब्युलोस्पायनल, रेटिक्युलोस्पायनल, टेक्टोस्पायनल हे मुख्यतः आतल्या घरात जातात. ते तोल आणि उभं राहणं सांभाळतात, आवाज किंवा उजेड आला की मान वळवतात. कॉर्टेक्सकडून निघून बाजूच्या भागातून येणारा लॅटरल कॉर्टिकोस्पायनल बाहेरच्या घरात जातो. त्याच्यामुळे सुईत दोरा ओवता येतो. रुब्रोस्पायनल त्याच्या शेजारून येतो, पण माणसात तो लहान आहे. परीक्षेत लिहा, पेशंटसमोर त्याच्यावर फार भार टाकू नका.

ही दोन घरं ज्या प्रयोगाने मनात पक्की बसतात तो लॉरेन्स आणि कायपर्स यांचा, १९६८ सालचा. त्यांनी माकडांचे दोन्ही बाजूंचे पिरॅमिड, म्हणजे ब्रेनस्टेमच्या तळाशी मेड्युलात असलेले कॉर्टिकोस्पायनलचे गठ्ठे, कापले. काही आठवड्यांनी माकडं पळत होती, पिंजऱ्यावर चढत होती. फक्त बोटं सुटी सुटी हलवून छोट्या खळग्यातला खाऊ काढणं त्यांना कायमचं जमेना. आणि मला सर्वात विलक्षण वाटलेली गोष्ट म्हणजे, हातात धरलेला खाऊ सोडताना त्यांची मूठ उघडायची नाही, पण चढताना पिंजऱ्याचा गज सोडायला काही अडचण नव्हती. हात तोच, मूठ तीच. नंतर ज्यांच्या ब्रेनस्टेममधल्या आतल्या वाटाही कापल्या, त्यांना धड सावरून नीट बसता येईना. मात्र धडाला आधार दिला की हाताने खाऊ धरता यायचा. आजींची जांभई आणि ही माकडं मी आता एकत्रच शिकवते.

कॉर्टिकोस्पायनलचा प्रवास चित्र काढूनच शिका. कोरा कागद घ्या आणि पाच आडवे छेद काढा : इंटर्नल कॅप्सूल, मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला, मज्जारज्जू. एकाच लाल पेन्सिलीने तंतू वरून खाली न्या. कॅप्सूलच्या मागच्या दांडीत ते दाटीवाटीने असतात, म्हणून तिथे एवढासा रक्तस्रावही अर्धं अंग पाडतो. पॉन्समध्ये विखुरतात, मेड्युलात पुन्हा एकत्र येऊन पिरॅमिड होतात, आणि मेड्युलाच्या तळाशी ८५ ते ९० टक्के तंतू पलीकडे जातात. उरलेले मुख्यतः त्याच बाजूने खाली उतरतात आणि पुष्कळसे धडाच्या स्नायूंकडे, शेवटी दोन्ही बाजूंना जातात. एक समज मात्र मनातून काढून टाका : हा सगळा मार्ग बेट्झ पेशींचा आहे हा. बेट्झ यांनी १८७४ साली वर्णन केलेल्या कॉर्टेक्समधल्या त्या मोठ्या पेशींचे तंतू या मार्गात जेमतेम ३ टक्के आहेत. प्रीमोटर भाग आणि अगदी संवेदनेचा कॉर्टेक्सही यात भर घालतो.

दुसरा समज अधिक नुकसान करतो. "कॉर्टिकोस्पायनल तुटला की स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा घट्टपणा) येते." मीही असंच लिहीत असे. पण फक्त पिरॅमिड कापलेल्या माकडांत घट्टपणा येत नाही, उलट स्नायू सैल पडतात. मग आपल्या स्ट्रोकच्या पेशंटचा हात काही आठवड्यांत कोपरात का आखडतो? कारण कॅप्सूलमधून कॉर्टिकोस्पायनलबरोबरच कॉर्टेक्सकडून रेटिक्युलर फॉर्मेशनकडे, ब्रेनस्टेममधल्या पेशींच्या जाळ्याकडे, जाणारे तंतूही उतरतात. मेड्युलातल्या ज्या भागाचं काम स्ट्रेच रिफ्लेक्सला (ताणलेला स्नायू आपोआप आवळण्याला) आवर घालणं, त्याला वरून चालना मिळायची थांबते. पॉन्समधला आणि तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर केंद्राचा जोर मात्र चालूच राहतो. त्यामुळे हात आखडतो, पाय सरळ ताठतो, घोटा खाली वळतो, आणि पेशंट पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत चालतो. शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजराच्या ब्रेनस्टेमला मिडब्रेनपाशी छेद दिल्यावर चारही पाय ताठ झाले, त्याचं मूळ हेच. आयसीयूत बेशुद्ध पेशंटचे हात कोपरात वाकून छातीवर येतात की सरळ ताठ होऊन आत वळतात, हे बघायचं तेही याचसाठी. ग्लासगो कोमा स्केल या बेशुद्धी मोजायच्या मापनाच्या मोटर भागात अशा वाकण्याला ३ आणि अशा ताठण्याला २ गुण आहेत. आज ३ होते आणि उद्या २ झाले, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितलेलं चिन्ह तर सगळेच शिकतात : तळपायावर ओरखडा ओढला की पायाचा अंगठा वर जातो, आणि मोठ्या माणसात ते कॉर्टिकोस्पायनल बिघडल्याचं लक्षण. फक्त घरातलं तान्हं बाळ हाताशी असेल तर त्याच्या पायाच्या तळव्यावरून हळूच बोट फिरवून बघा. त्याचा अंगठा वर जाणं आजार नव्हे. कॉर्टिकोस्पायनलवरचं मायलिन (तंतूंभोवतीचं आवरण) अजून पुरं व्हायचं असतं.

आता उठा आणि भिंतीजवळ जा. डावा खांदा आणि डाव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला घट्ट चिकटवून उभे राहा. उजवा पाय बाजूला उचला. उचलला जात नाही. कारण पाय उचलण्याआधी शरीराचं वजन डावीकडे सरकावं लागतं आणि भिंत ते सरकू देत नाही. रोज पायरी चढताना हे सरकणं आपल्या नकळत होतं. हात झटकन पुढे उचलतानाही मांडीच्या मागचे स्नायू खांद्याच्या स्नायूच्या आधी कामाला लागतात. सोव्हिएत संशोधकांनी हे १९६७ मध्ये नोंदवलं. या पूर्वतयारीत रेटिक्युलोस्पायनलचा मोठा वाटा आहे. पेशंटला "हात उचला" म्हणण्याआधी त्याचं धड बघायची सवय मला या भिंतीने लावली.

आजींचंही आम्ही तसंच केलं. दोन आठवडे हाताची घाई केली नाही. सांधे मोकळे ठेवले, खांदा सांभाळला, आणि कॉटच्या कडेला बसवून पुढे-मागे, डावी-उजवीकडे वजन सरकवत राहिलो. धडाला दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून तंतू मिळतात, म्हणून ते लवकर सावरतं. बोटांची वाट एकटी आहे, ती सर्वात उशिरा, कधी कधी सावरतच नाही. हे नातेवाइकांना पहिल्या आठवड्यातच सांगा, स्पष्ट शब्दांत, आणि जांभईबद्दलही सांगा. सुनेला ते पटल्यावर ती आत्यांच्या डाव्या बाजूला बसून त्यांना भाकरी भरवू लागली, म्हणजे मान आणि धड त्या बाजूला वळेल. ही युक्ती मी तिला सांगितली नव्हती.

दीड महिन्याने आजी काठी घेऊन आणि घोट्याला स्प्लिंट बांधून वॉर्डाच्या दारापर्यंत चालत आल्या. हात अजून वाकलेलाच होता. गाडीत बसताना त्यांना जांभई आली, हात वर उचलला गेला, आणि सुनेने तो हलकेच धरून त्यांच्या मांडीवर ठेवला.