फार क्रायमध्ये गोळी झाडण्याआधी दुर्बीण काढा

२००४ सालच्या पहिल्या ‘फार क्राय’ या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. झाडीतून अचानक गोळी आली की आधीच्या चेकपॉइंटपासून (खेळ आपोआप सेव्ह होतो त्या जागेपासून) सगळं पुन्हा. माझा निम्मा वेळ यातच जायचा. मग एक सवय लावून घेतली, आणि खेळच बदलला.

१. शत्रूचा तळ दिसला की थोड्या उंचावर जा, झुडपात पालथे पडा.

२. दुर्बिणीतून एकेका सैनिकावर नजर फिरवा. एकदा दुर्बिणीत आला की तो पडद्यावरच्या रडारवर टिपला जातो, नंतर भिंतीआड गेला तरी ठिपका दिसत राहतो. घाई करू नका. दुर्बिणीला मायक्रोफोनही आहे, दूरचं बोलणं ऐकू येतं. टेहळणीच्या मनोऱ्यावरचा हमखास राहून जातो, तेवढा आठवणीने बघा.

३. ठिपके हिरवे आहेत तोवर कुणालाही तुमचा पत्ता नाही. लाल झाले की संपलं.

४. आता ग्रेनेडच्या जागी दगड निवडा आणि तुमच्यापासून लांब, बाजूला फेका. आवाज कुठून आला ते बघायला एकजण जातो. त्याची पाठ वळली की सरपटत पुढे व्हा. मला तरी सायलेन्सरच्या बंदुकीपेक्षा हा दगडच जास्त कामी आला.

एक जपा: १.४ पॅच (खेळात नंतर टाकायची दुरुस्ती) टाकला असेल तर तंबूच्या आडोशाला लपू नका. त्या आवृत्तीतल्या दोषामुळे सैनिकांना कापडापलीकडचंही दिसतं.