एकाच सर्व्हरवर अनेक साइट्स: अपाचीचे व्हर्च्युअल होस्ट कसे लावायचे

इंदुरात माझ्याकडे येणारी कामं छोटी असतात. रामबागेतलं गणेशोत्सव मंडळ, लोकमान्य नगरातल्या काकूंचं डब्यांचं काम, सराफ्यातलं एखादं दुकान. प्रत्येकाला स्वतःचं डोमेन हवं असतं, आणि प्रत्येकासाठी वेगळा सर्व्हर घेणं म्हणजे पैशाची नासाडी. एका लहान व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर, हे सगळे सुखाने नांदतात.

व्हर्च्युअल होस्ट म्हणजे अपाचीच्या सेटिंगमधला एका साइटसाठीचा वेगळा ब्लॉक. इथे उबुंटू लिनक्स आणि अपाची 2.4 हा वेब सर्व्हर धरला आहे. अपाची बसलेलं आहे, एसएसएचने आत शिरता येतं, डोमेनचा ए रेकॉर्ड (नाव कोणत्या आयपीवर न्यायचं ते सांगणारी डीएनएस नोंद) सर्व्हरच्या आयपीकडे वळवलेला आहे. कमांड आणि डिरेक्टिव्ह मी देवनागरीत लिहितोय, टाइप रोमनमध्येच करा.

व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूखाली प्रत्येक साइटचा वेगळा फोल्डर करा. होम फोल्डरात साइट ठेवू नका. उबुंटू 21.04 पासून नव्या युजरचा होम फोल्डर 750 परवानगीचा असतो, अपाचीला त्यात पाऊल टाकता येत नाही आणि 403, म्हणजे प्रवेशबंदीची चूक, येते. मग कुणीतरी हमखास 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, द्यायला सांगतो. 777 कधीही देऊ नका, मग सांगणारा कितीही अनुभवी असो.

अपाचीच्या साइट्स-अवेलेबल फोल्डरात साइटमागे एक फाइल करा, नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ हवंच. आत व्हर्च्युअलहोस्ट स्टार कोलन 80 असा ब्लॉक (स्टार म्हणजे कोणताही आयपी, 80 म्हणजे एचटीटीपीचं पोर्ट), त्यात सर्व्हरनेम म्हणजे साइटचं डोमेन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावासाठी सर्व्हरअलायस आणि डॉक्युमेंटरूट म्हणजे साइटचा फोल्डर. एररलॉग व कस्टमलॉग प्रत्येक साइटचे वेगळे ठेवा. मग ए-टू-एन-साइटने साइट चालू करा, कॉन्फिगटेस्टने फाइल तपासा आणि अपाची रीलोड करा.

इथवर कुणीच अडत नाही. अडतं ते पुढे: मंडळाचं डोमेन उघडलं की मंडळ दिसतं, आणि काकूंचं डोमेन उघडलं तरी मंडळच दिसतं. मीही इथे पुष्कळ डोकं फोडलंय. त्या काळात मिळालेले सल्ले म्हणजे अपाची पुन्हा बसवा, सर्व्हर रीस्टार्ट करा, नेम-व्हर्च्युअल-होस्ट ही ओळ घाला. तिन्ही टाकाऊ. ती ओळ 2.2 च्या काळातली आहे, 2012 मध्ये आलेल्या 2.4 मध्ये तिचा काही परिणाम होत नाही. प्रवेशाच्या नियमांसाठी ऑर्डर अलाऊ-डिनाय सांगणारे लेखही त्याच काळातले, तसला लेख दिसला की पान बंद करा. आता तिथे रिक्वायर लिहितात.

अपाची निवड कशी करतं, हे समजल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर होस्ट हेडरमध्ये डोमेनचं नाव पाठवतो. पण अपाची आधी नाव बघत नाही. मागणी कोणत्या आयपीवर आणि कोणत्या पोर्टवर आली ते आधी बघतं, त्याला सर्वांत नेमके जुळणारे ब्लॉक बाजूला काढतं आणि फक्त त्यांच्यातच नाव शोधतं. त्यांत नाव सापडलं नाही, तर त्या गटात जो ब्लॉक आधी वाचला गेला तो देऊन मोकळं होतं. चूक दाखवत नाही, लॉगमध्ये तक्रारही करत नाही.

यातून तीन खड्डे तयार होतात. पहिला, सर्व्हरनेम चुकीचं किंवा गायब. ते लिहिलंच नाही तर अपाची मशीनच्या नावावरून स्वतःच अंदाज बांधतं, आणि तो तुमच्या कामाचा नसतो. दुसरा, एका फाइलीत स्टार कोलन 80 आणि दुसरीत सर्व्हरचा खरा आयपी कोलन 80. त्या आयपीवर आलेली मागणी आयपीवाल्या ब्लॉककडेच जाते. स्टारवाल्याचं सर्व्हरनेम अक्षरन् अक्षर बरोबर असलं तरी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळीकडे स्टार वापरा. तिसरा खड्डा 443 चा, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टचा. मंडळाच्या साइटला सर्टिफिकेट आहे, काकूंच्या साइटला नाही. कुणी काकूंचं डोमेन एचटीटीपीएसने उघडलं की 443 च्या गटात एकटं मंडळच असतं. ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो, आणि तो ओलांडून गेलं तर समोर गणपतीच्या कार्यक्रमांची यादी! काकूंच्या गिऱ्हाइकाने काय समजायचं?

म्हणून काहीही बदलण्याआधी अपाची-सीटीएल डॅश मोठा एस चालवा. कोणत्या पोर्टवर कोणती नावं आहेत, डीफॉल्ट कोण आहे, कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीत आहे, सगळं तिथे छापून येतं. तुमचं डोमेन त्या यादीत नसेल तर फाइल वाचलीच गेलेली नाही किंवा सर्व्हरनेम चुकलंय. एचटीएमएल चिवडत बसू नका.

फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणूनच डीफॉल्ट फाइलीच्या नावाआधी तीन शून्यं असतात. ती फाइल उडवून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. मी ती ठेवतो आणि तिच्यात साइटऐवजी रीडायरेक्ट 404 एवढंच लिहितो. अनोळखी नावाने आलेल्याला काहीच मिळू नये. एका गिऱ्हाइकाची साइट दुसऱ्याच्या नावाखाली दिसणं मला अजिबात खपत नाही.

डोमेन अजून वळलेलं नसेल तर स्वतःच्या मशीनच्या होस्ट्स फाइलीत नाव घालून बघा. सरावासाठी डॉट टेस्ट वापरा, ते 1999 पासून त्याच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. डॉट डेव्ह नको, ब्राउझर ते सक्तीने एचटीटीपीएसवर नेतात. तपासणी कर्लने, म्हणजे कमांडलाइनवरून पान मागवणाऱ्या साधनाने करा, कारण ब्राउझर जुनं 301 (कायमचं रीडायरेक्ट) लक्षात ठेवतो आणि तुम्ही दुरुस्त केलेलंही बिघडलेलं दाखवतो.

मंडळाने डॉट भारतमध्ये देवनागरी डोमेन घेतलं असेल तर सर्व्हरनेममध्ये देवनागरी अक्षरं चालणार नाहीत. ब्राउझर पाठवतो ते एक्स-एन आणि दोन डॅशने सुरू होणारं रूप, तेच जसंच्या तसं लिहा.

सर्टिफिकेट सगळ्यांत शेवटी. 80 वर साइट बरोबर दिसल्याशिवाय सर्टबॉटला, म्हणजे सर्टिफिकेट आणून देणाऱ्या प्रोग्रामला, हात लावू नका. त्याला त्या नावाचा 80 वरचा ब्लॉक सापडावा लागतो. एकदा घ्यायला बसलात की सर्व्हरवरच्या प्रत्येक नावासाठी घ्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट. मग रिन्यू ड्राय-रन, म्हणजे नूतनीकरणाची रंगीत तालीम, चालवा आणि डॅश मोठा एस पुन्हा बघा: 443 खालीही सगळी नावं दिसायला हवीत.