नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हीतले दोष: कसे ओळखावेत, कसे नोंदवावेत, दुरुस्त कसे करून घ्यावेत

इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताना सगळ्यांची धास्ती एकच: बॅटरी गेली तर? पण पहिल्या वर्षात सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायला लावतात त्या दुसऱ्याच गोष्टी. बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसते, स्क्रीन काळा पडतो, चार्जिंग मध्येच तुटतं, खराब रस्त्यावर पुढच्या चाकाकडून खडखड येते. यातले बरेच दोष येऊन-जाऊन असतात. घरी तीनदा रुसलेली गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात शहाण्या मुलासारखी वागते आणि ॲडव्हायझर म्हणतो, 'सर, काहीच प्रॉब्लेम दिसत नाहीये.' त्यामुळे दोष दिसला की तो पकडून कागदावर आणणं हे मालकाचंच काम होऊन बसतं.

१. पासिंग होण्याआधी गाडी बघा

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे आणि फोटोंच्या गडबडीत काहीही तपासून होत नाही. नोंदणीआधीच यार्डात जाऊन, दिवसाउजेडी, तुम्हाला दिलेल्या चॅसी नंबरची गाडी बघा. पासिंग झाल्यावर 'दुसरी गाडी द्या' म्हणणं फार अवघड जातं.

फॉर्म २२ वर (कंपनीकडून गाडीसोबत येणारा दाखला) गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. गाडी यार्डात बरेच महिने उभी असेल तर छोटी बॅटरी बहुधा एकदा तरी पूर्ण उतरलेली असते, म्हणून ती तपासून किंवा बदलून मागा. दिव्यांच्या आत वाफ, डिकीचं रबर, दारांच्या फटी, दोन्ही चाव्या आणि सोबत मिळणारा चार्जर या गोष्टी पाच मिनिटांत बघून होतात. एक गोष्ट मात्र हटकून राहते: तिथेच एकदा एसी (घरच्यासारखी संथ) आणि एकदा डीसी (जलद) चार्जिंगची गन लावायला सांगा. गन बसते का, लॉक होते का आणि सुटते का, हे शोरूममध्ये कळलेलं बरं; रात्री हायवेवर कळून उपयोग नाही. सॉफ्टवेअर व्हर्जनचा फोटोही काढून ठेवा.

२. कशाला दोष म्हणायचं नाही

शंभर टक्के चार्ज असताना रीजन (वेग कमी करताना मोटरने बनवलेली वीज बॅटरीत परत भरणं) कमी लागतं, कारण परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. उन्हात डीसी चार्जिंग झाल्यावर गाडी बंद असतानाही पंखा किंवा पंप घरघरतो, तो बॅटरी थंड करत असतो. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं. कोकणात पावसाळ्यात दोन दिवस गाडी उभी राहिली की ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसतो. रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून तो रेंगाळतो. चारदोनदा जोरात ब्रेक लावले की जातो.

रेंजचंही तसंच. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॉट-अवरच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे, पण प्रत्यक्ष वापरात साधारण ३५० ते ३७० मिळेल असं टाटा स्वतःच सांगते. तेव्हा ४८९ मिळत नाहीत ही तक्रार टिकणार नाही. पण चार्ज १८ टक्क्यांवरून एकदम ५ वर आला, तर तो दोष आहे. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आधी एक करून बघा: घरच्या एसी चार्जरवर सलग १०० टक्के भरा आणि गाडी 'पूर्ण' म्हणेपर्यंत गन काढू नका. या रसायनात चार्ज उतरला तरी व्होल्टेज फारसं बदलत नाही, म्हणून अधूनमधून पूर्ण भरल्याशिवाय टक्केवारीचा अंदाज चुकतो. त्यानंतरही उडी येत असेल तर बॅटरीतले सेल असंतुलित (कमी-जास्त चार्ज झालेले) असू शकतात, गाडी न्या.

३. चार्जिंग तुटतंय: घर, चार्जर की गाडी?

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. घरापासून सुरुवात करा. इलेक्ट्रिशियनला बोलवून चार्जिंगच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण सारखं, २३० च्या आसपास व्होल्टेज हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. गीझर आणि एअर कंडिशनर चालू करून पुन्हा मोजायला लावा. जुन्या सोसायट्यांमध्ये खरी गोम तिथेच सापडते: लोड नसताना सगळं ठीक, लोड आला की न्यूट्रल-अर्थ दहाच्या पुढे. अर्थिंग कच्चं असेल तर गाडीचा चार्जर वीज घेणंच थांबवतो, आणि ते त्याने बरोबरच केलेलं असतं. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. प्लग तासाभराने हाताला चटका देण्याइतका गरम होत असेल तर सॉकेट आणि वायर दोन्ही बदला.

बाहेरच्या डीसी चार्जरवर त्रास होत असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार्जरवर करून बघा. दोन्हीकडे तुटलं तर संशय गाडीवर. वेग कमी वाटत असेल तर शेजारी बघा: ६० किलोवॉटच्या चार्जरच्या दुसऱ्या गनवर गाडी असेल तर बऱ्याच ठिकाणी वीज निम्मी-निम्मी वाटली जाते. चार्जरच्या स्क्रीनवरच्या एरर कोडचा फोटो काढाच. गन अडकली तर ओढाताण करू नका. गाडी अनलॉक करून बघा; बहुतेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरीही असते. ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

४. छोटी बॅटरी, मोठा ताप

शंभर टक्के चार्ज असलेली गाडी सकाळी दार उघडत नाही, स्क्रीन लुकलुकतो, दहा वॉर्निंग एकदम पेटतात. अशा वेळी मोठ्या बॅटरीच्या नावाने गळा काढू नका. दारं, स्क्रीन, कंट्रोलर आणि मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळं बारा व्होल्टवर चालतं. ती बसली की मोठीचा उपयोग शून्य.

सर्व्हिस सेंटरमध्ये तुमच्यासमोर मोजायला सांगा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर गाडी काही तास बंद राहिल्यावर साधारण १२.५ व्होल्ट हवं, आणि गाडी 'रेडी'मध्ये (चालू, निघायला तयार) आली की साडेतेरा ते साडेचौदा. रेडीमध्येही आकडा वर जात नसेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही, ती चार्ज करणारा कन्व्हर्टर बिघडलाय. ह्युंदाई आणि कियाचा अनुभव हाच. आयसीसीयू नावाच्या चार्जिंग युनिटमधल्या दोषामुळे छोटी बॅटरी उतरू शकते म्हणून २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईच्या आयोनिक ५ च्या १,७४४ आणि कियाच्या ईव्ही ६ च्या १,१३८ गाड्या परत बोलावल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कियाने त्याच युनिटच्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा १,३८० ईव्ही ६ बोलावल्या.

बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ॲम्प्लिफायर असेल तर आधी तो काढा. तो असेपर्यंत दोष तुमच्याच माथी मारला जाणार.

तीन प्रसंगी मात्र गाडी चालवतच न्यायची नाही: इन्सुलेशन किंवा हाय-व्होल्टेजची लाल वॉर्निंग, जळका वास, आणि फ्लोअरच्या वर पाणी चढलेलं. ब्रेकडाउनला फोन करून फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागा. मोटरची चाकं जमिनीवर फिरत टोइंग केलं तर मोटरच वीज बनवू लागते. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कुणालाही हात लावू देऊ नका, कोपऱ्यावरच्या हुशार मेकॅनिकलाही नाही.

५. स्क्रीन आणि खडखडाट

स्क्रीन अडकला की रिस्टार्ट करण्याआधी व्हिडिओ काढा, वेळ दिसू द्या. अपडेट घरी, निवांत वेळी करा, प्रवासाच्या आदल्या रात्री नाही. सस्पेन्शनचा आवाज सांगून कुणाला कळत नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून तोच स्पीडब्रेकर, त्याच वेगात, काचा वर आणि गाणी बंद ठेवून दाखवा. या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसल्याने सस्पेन्शनचे लिंक-रॉड आणि बुश जरा सैल झाले तरी कानाला लागतात.

६. जॉब कार्ड तुमच्या शब्दांत

जॉब कार्ड म्हणजे सर्व्हिस सेंटरने तुमची तक्रार आणि काम नोंदवायचा कागद. सगळ्यात जास्त चिकाटी इथे लावा. ॲडव्हायझर सवयीने लिहितो: 'चार्जिंग इश्यू, चेक करणे'. यातून पुढे काहीही सिद्ध होत नाही. असं लिहून घ्या: 'घरच्या ७.२ किलोवॉट चार्जरवर रात्री ११ ला लावली, ६२ टक्क्यांवर चार्जिंग थांबलं, स्क्रीनवर अमुक मेसेज, ओडोमीटर २,३४०, आठवड्यात तिसऱ्यांदा, घरच्या अर्थिंगचं रीडिंग सोबत.' लिहायला नकार दिला तर तिथेच उभं राहून हाच मजकूर त्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि ईमेलची तारीख-वेळ जॉब कार्डावर नोंदवा.

गाडी परत घेताना तीन गोष्टी मागा: सापडलेले फॉल्ट कोड, काय बदललं किंवा कोणतं व्हर्जन टाकलं, आणि बंद झालेल्या जॉब कार्डाची प्रत. दोष सापडला नाही म्हणाले तरी कार्ड हवंच. तोंडी 'बघतो' आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा यांना पुराव्यात फारशी किंमत नाही. फीडबॅकचा फोन येतो तेव्हा 'दहापैकी दहा द्या ना सर' अशी गळ घालतात. दोष शिल्लक असेल तर देऊ नका.

७. तरीही दाद लागली नाही तर

आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवा, सोबत सगळी जॉब कार्डं तारखेच्या क्रमाने. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतूनही बोलता येतं. दोष सुरक्षिततेशी निगडित असेल तर परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही तक्रार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार सरकार कंपनीला रिकॉल करायला (सदोष गाड्या परत बोलवायला) लावू शकतं, आणि त्यासाठी तक्रारींची संख्या बघितली जाते. तुमची एक तक्रार तिथे मोजली जाते.

शेवटी ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन. फी १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,०००. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर ते तारखांवर एकमेकांवर ढकलत बसतील. मागणी शहाणपणाने मांडा. आपल्याकडे सदोष गाडी बदलून देण्याचा वेगळा कायदा नाही, आणि २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग बदलण्याचा आदेश दिला होता, गाडी नव्हे. म्हणून गाडी बदलून किंवा पैसे परत ही पहिली मागणी, भाग बदलून, वॉरंटी वाढवून आणि नुकसानभरपाई ही पर्यायी मागणी, अशा दोन्ही लिहा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. 'पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल' हे ऐकत ती संपू देऊ नका.