उन्हात ॲल्युमिनियमचं डोअर पॅनल फुगतं, टकटक वाजतं: माझा अनुभव

घरी बनवलेल्या गाडीत 1.2 मिमी ॲल्युमिनियमची पॅनलं स्टीलच्या फ्रेमवर रिव्हेट मारून बसवली, डिसेंबरात एकदम सपाट, पण नागपूरचा मे लागला आन् दुपारी पॅनल मधोमध फुगून टकटक आवाज येऊन राहिला. रिव्हेट वाढवले तर फुगवटा आणखी वाढला, मागे फोम भरला तर फक्त आवाज दबला. डोकं फिरलं होतं.

कारण असं की ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. 1 मीटर पॅनल, तापमानात 50 अंशांचा फरक, म्हणजे स्टीलपेक्षा साधारण अर्धा मिमी जास्त. दोन्ही टोकं पक्की असतील तर तेवढ्यानंच मधे सेंटिमीटरभर फुगतं!

आधी सगळे रिव्हेट ड्रिलनं काढा. पॅनलचं मधलं एकच भोक 4.2 मिमी गोल ठेवा, बाकीची गोल कानशीनं लांबीच्या दिशेनं 4.5 बाय 7 मिमी लंबगोल करा आन् कडा साफ करा, बारीक बर (कडेला उरलेला धातूचा धारदार कंगोरा) राहिला तरी पॅनल अडकतं. मग कूलरची बॉडी बनवणाऱ्याकडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलका क्रॉस (फुलीच्या आकाराची हलकी घडी) मारून घ्या, आपल्याकडे असे कारागीर भरपूर आहेत. फ्रेमवर एम4 रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखं पक्कं बसणारं, 4 मिमी स्क्रूसाठी आतून आटे असलेलं नट), त्यावर पातळ निओप्रीन (रबरी) टेप (दोन धातू एकमेकांना लागून गंजत नाहीत हा वेगळा फायदा). शेवटी नायलॉन वॉशरसकट स्क्रू, पहिले मधला पूर्ण कसा, मग बाहेरच्या बाजूला जात बाकीचे फक्त टेकेपर्यंत, निळं लॉकटाइट (स्क्रू आपोआप ढिले होऊ न देणारं द्रव) लावून. पॅनल हातानं किंचित सरकलं पाहिजे.

आता भर दुपारी उन्हात उभी गाडी, पॅनल सपाट.