तापात बाळाला आकडी आली तर

माझी लेक सव्वा वर्षाची असताना तिला पहिली आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या, सासूबाईंनी दातांत चमचा घालायला घेतला. दोन्ही चुकीचं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

बाळाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर येते. गळ्याजवळचे कपडे सैल करा. दाबून धरू नका. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही नको. जीभ गिळली जात नाही. आणि घड्याळ बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेव्हा एक मिनिट तासासारखं वाटतं. आमची दोन मिनिटांत थांबली.

पाच मिनिटांवर गेली, लगेच पुन्हा आली, किंवा बाळ निळं पडलं तर १०८ लावा. पहिलीच आकडी असेल, तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, मान ताठ असेल किंवा ते शुद्धीवर येत नसेल, तर तातडीने. मेंदूज्वर नाही ना, हे बघावं लागतं.

साधी तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षांत येते, मेंदूला इजा करत नाही. साधारण तिघांत एकाला पुन्हा येते. पॅरासिटामॉलने बाळाला बरं वाटतं, आकडी टळेलच असं नाही. आमच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडॅझोलामचा (आकडी थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे वजनानुसार लिहून दिला. तो फ्रीजवरच्या डब्यात आहे, आणि आता सासूबाईंनाही मारता येतो.