वाडीवरच्या शाळेचा पट टिकवावा कसा?

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या वाड्यांवर पहिलीत जेमतेम सहा मुलं असतात. तिथं टक्केवारी फसवते. एकच मूल मागे पडलं तरी निकाल 17 टक्क्यांनी घसरतो. म्हणून लहान शाळेत काम नावानिशी करावं.

फेब्रुवारीत दाखलपात्र मुलांची यादी करा. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होणारं प्रत्येक मूल त्यात हवं. नुसत्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवर विसंबू नका. बाळंतपण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा आईच्या माहेरी झालं असेल तर नोंदही तिकडचीच असते. अंगणवाडीची नोंदवही ताडून पाहा, मग घरोघर जा.

गाठीभेटी एप्रिलअखेर संपवा. जूनमध्ये गेलात तर इंग्रजी शाळेची फी भरून झालेली असते. संध्याकाळी डेअरीला दूध घालून माणसं घरी आली की निवांत बोलतात. थोरलं भावंड दुसरीकडे जात असेल तर धाकटंही त्याच गाडीत बसतं. अशा घरी आधी थोरल्याबद्दल बोला.

पालकांना पटतं ते मुलाचं वाचन. तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून दुसरीच्या पातळीचा, पण न शिकवलेला उतारा द्या. पुस्तकातला धडा पाठ असतो, त्यातून काही कळत नाही. कुठं अडतं ते लिहून ठेवा : अक्षर, जोडाक्षर की वाक्य. गणितात 52 वजा 37 द्या. उत्तर 25 आलं तर मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. त्याला आणखी उदाहरणं घालण्यात अर्थ नाही. काड्यांचे दशक सुटे करून दाखवा.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार वैध नसेल तर मूल मोजलं जात नाही. नाव, जन्मतारीख, लिंग हे जुलैतच जुळवा. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. दुरुस्ती राहिल्यानं पट कमी दिसला तर नुकसान वाडीचंच.

गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं 30 सप्टेंबरनंतर येतात. त्यांनाही दाखल करून घ्याच. दाखला किंवा जन्मपुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यातच आहे. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच कोल्हापुरात. फडावरचं मूल इथं शाळेबाहेर राहता कामा नये.

मुलांची ही नावानिशी यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या दर बैठकीत वाचा. समितीत 75 टक्के पालक असतात. कोण सलग आठवडाभर आलं नाही आणि का, हे त्यांना शिक्षकांच्या आधी कळतं.